काजळी, कान आणि एडिसन

टेलिफोन उचलला की आपण 'हॅलो' म्हणतो. घरातल्या आजीपासून बोबडे बोलणाऱ्या नातवापर्यंत सगळेच म्हणतात आणि हा शब्द आपल्याला कुणी शिकवला, असा प्रश्न कुणालाही पडत नाही. टेलिफोनचा जनक म्हणून शाळेत ज्याचे नाव आपण पाठ केले, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला हा शब्द पसंत नव्हता. त्याला खलाशी एकमेकांना हाक मारताना वापरतात तो 'अहॉय' हवा होता. 'हॅलो'चा आग्रह धरला तो थॉमस आल्वा एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षाला लिहिलेल्या पत्रात त्याने हा शब्द सुचवला. टेलिफोनला वेगळी घंटी लावायची गरजच नाही, कारण हा शब्द दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की ज्याला हे सुचले, त्याला स्वतःला दहा-वीस फुटांवरचे बोलणे धड ऐकू येत नव्हते.

एडिसन म्हटला की आपल्यापुढे विजेचा दिवा येतो. त्याच्या नावावरची अमेरिकेतली १०९३ पेटंटे येतात, प्रयोगशाळेतल्या बाकावर झोपणारा, विस्कटलेल्या केसांचा माणूस येतो. या एडिसनबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला आज त्याच्या आयुष्यातला दुसरा धागा सांगायचा आहे. हा माणूस जन्मभर आवाजाच्या मागे होता. माणसाचा आवाज तारेतून नीट का जात नाही, वाटेत त्याचे काय होते, कोणते अक्षर कुठे गळते, हे त्याने इतक्या चिकाटीने शोधले की त्याच्या पद्धतीचा उपयोग मला अगदी अलीकडे, घरच्या एका कामात झाला. त्या कामाबद्दल पुढे सांगेनच.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. सात भावंडांतले हे शेंडेफळ. १८५४ मध्ये हे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला आले. शाळेत त्याचे फार दिवस गेले नाहीत. आई नॅन्सी हीच त्याची शिक्षिका. लहानपणी त्याला लोहितांग ज्वर झाला, कान वारंवार फुटत, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास ऐकू येणे बरेच कमी झाले. याची कारणे तो स्वतः वेगवेगळी सांगत असे. कधी रेल्वेच्या गार्डाने कानशिलात मारली म्हणून, तर कधी सुटत्या गाडीत चढताना कुणीतरी कान धरून वर ओढले म्हणून. आजाराचे कारणच अधिक संभवते, पण कानाला धरून गाडीत ओढून घेतल्याची गोष्ट सांगायला अर्थातच अधिक चांगली आहे! बारा वर्षांचा झाल्यापासून आपण पाखराचे गाणे ऐकलेले नाही, हे मात्र तो गोष्ट म्हणून सांगत नसे.

त्या वयात तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या गाडीत वर्तमानपत्रे आणि गोळ्या-बिस्किटे विकत असे. सामानाच्या डब्यात त्याने छोटा छापखाना थाटला आणि स्वतःचे वर्तमानपत्रही काढले. १८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्थानकावर स्टेशनमास्तरचे लहान मूल रुळांवर खेळत असताना एडिसनने त्याला ओढून बाजूला घेतले. त्या बापाने कृतज्ञतेपोटी या पोराला तारयंत्र चालवायला शिकवले. तिथून पुढची पाच-सहा वर्षे एडिसन गावोगाव फिरणारा तारबाबू झाला.

तारेचे काम हे कानाचे काम. यंत्राचा कडकट्ट ऐकायचा आणि अक्षरे लिहून काढायची. ज्याला कमी ऐकू येते त्याने या धंद्यात पडावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. एडिसनचे म्हणणे उलटेच होते. जवळच्या यंत्राचा खडखडाट त्याला नेमका ऐकू येई आणि शेजारच्या टेबलावरची यंत्रे, गप्पा, रस्त्यावरचा गोंगाट यांतले काहीच कानावर येत नसे. आजूबाजूचा गलका त्याच्यापुरता निसर्गानेच बंद करून टाकला होता. उणीव म्हणजेच वरदान, अशी वाक्ये मला आवडत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा एकटेपणा घरात ज्याने पाहिला आहे तो असे बोलणार नाही. पण आपल्या कानाचा स्वभाव या पोराने फार लवकर ओळखला होता, एवढे खरे.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १८६८ मध्ये तो बॉस्टनला आला, १८६९ मध्ये मतमोजणीच्या यंत्राचे पहिले पेटंट मिळाले आणि ते यंत्र कुणी घेतले नाही. मग न्यूयॉर्क, मग नेवार्कचा कारखाना. १८७१ च्या नाताळात मेरी स्टिलवेल हिच्याशी लग्न झाले. पहिल्या दोन मुलांना घरात 'डॉट' आणि 'डॅश' म्हणत, म्हणजे तारेच्या लिपीतले बिंदू आणि रेघ. १८७४ मध्ये एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश पाठवण्याची युक्ती त्याने सिद्ध केली आणि वेस्टर्न युनियन या बलाढ्य तार कंपनीच्या नजरेत तो भरला. १८७६ च्या वसंतात त्याने न्यूजर्सीतल्या मेन्लो पार्क या खेड्यात प्रयोगशाळा उभारली.

त्याच वर्षी ७ मार्चला बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले होते. जग चकित झाले. पण चकित होऊन झाल्यावर लोकांना कळले की या यंत्रातून नीट ऐकूच येत नाही. ओरडावे लागे, आणि अंतर वाढले की पलीकडे आवाजाची सावली तेवढी पोचे. बेलच्या यंत्रात बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पडदा हलायचा आणि त्या हलण्यातूनच वीज तयार व्हायची. माणसाच्या श्वासात जोर तो किती? तेवढ्या जोरावर तयार झालेली वीज मैलोगणती तारेतून जाणार म्हणजे वाटेतच जिरणार. शिवाय ज्या यंत्रात बोलायचे तेच मग कानाला लावायचे, अशी त्या वेळची व्यवस्था होती.

वेस्टर्न युनियनला या धंद्यात उतरायचे होते. त्यांनी एडिसनला कामाला लावले. एडिसनने बेलच्या यंत्राची डागडुजी केली नाही. दोष नेमका कुठे आहे, हे त्याने आधी ठरवले. ऐकण्याचे टोक त्याने जवळजवळ तसेच राहू दिले आणि सगळे लक्ष बोलण्याच्या टोकाकडे वळवले. विहिरीतून पाणी उपसायला हात दुखतात. पण टाकी भरलेली असेल तर तोटी फिरवायला चिमुकली बोटेही पुरतात. एडिसनने आवाजाला पाणी उपसायच्या कामातून सोडवले आणि त्याच्या हाती तोटी दिली. बॅटरीतून वीज आधीच वाहती ठेवायची, आणि आवाजाने तिचा प्रवाह फक्त कमीजास्त करायचा.

ही तोटी त्याला सापडली ती कोळशात. कार्बन दाबला की त्यातून वीज सुलभतेने जाते, दाब सैल झाला की अडते. म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाने पडद्यावर पडणारा दाब कार्बनवर पोचवायचा, की आवाजाच्या चढउताराबरोबर वीजही चढउतार करू लागते. पण कोणता कार्बन? त्याने शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट पाहिले, ग्रॅफाइट चोळलेले रेशमी धागे पाहिले, आणखी कितीतरी पदार्थ पाहिले. शेवटी जे यशस्वी झाले ते आपल्या आज्यांना ओळखीचे होते. रॉकेलच्या दिव्याची वात वर केली की काचेवर धरते ती काजळी! मेन्लो पार्कच्या आवारात एक खोपटे होते, तिथे रॉकेलचे दिवे मुद्दाम धुरकट जळत ठेवलेले असत आणि माणसे काचेवरची काजळी खरवडून काढत. ती दाबून बटणाएवढ्या चकत्या करायच्या आणि त्या टेलिफोनमध्ये बसवायच्या. मुंबईपासून टोरांटोपर्यंत ज्या यंत्रांनी पुढे शंभर वर्षे माणसांचे बोलणे वाहून नेले, त्यांची सुरुवात अशी काजळीतून झालेली आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पडदा आणि कार्बनची चकती यांच्यामध्ये एडिसनने आरंभी रबराच्या नळीचा एक तुकडा ठेवला होता. हेतू चांगला होता. पडद्याचा थरथराट हळुवारपणे चकतीपर्यंत पोचावा. काही दिवस यंत्र उत्तम चाले, मग बिघडे, पुन्हा जुळवावे लागे. रबर दाबाखाली चेपते आणि आपला आकार बदलते, हे लक्षात आल्यावर त्याने रबर काढून लोखंडी स्प्रिंग बसवली. आता स्प्रिंगच स्वतःचा सूर काढू लागली आणि बोलण्यात तो सूर मिसळू लागला. त्याने अधिक ताठ स्प्रिंग लावली, आवाज सुधारला. आणखी ताठ, आणखी सुधारला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की स्प्रिंग जितकी स्प्रिंगसारखी कमी वागते तितका आवाज स्वच्छ येतो. मग ती हवीच कशाला? त्याने ती काढून टाकली आणि पडद्याचा दाब थेट चकतीवर दिला. उपाय म्हणून जे जे मध्ये घातले होते, तेच दुखणे ठरले होते!

बॅटरीचा प्रवाह सरळ लांबच्या तारेत न सोडता तो एका वेटोळ्यातून फिरवायचा आणि त्याच्या शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यात उमटणारी जोरकस वीज तारेत पाठवायची, ही जोडही त्याने दिली. १८७८ च्या आरंभी न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया या सुमारे शंभर मैलांच्या तारेवर चाचण्या झाल्या आणि बोलणे स्पष्ट पोचले.

स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट, याबाबत एडिसनची कसोटी मोठी कडक होती. मोठा आवाज तर त्याला हवाच होता, कारण त्याला स्वतःला तो ऐकू यायला हवा. पण स, श यांसारखे फुसफुसणारे वर्ण पलीकडे पोचतात की नाही, यावर त्याची विशेष नजर असे. स्वर दांडगे असतात. ते कोणत्याही भिंतीतून आरपार जातात. व्यंजने नाजूक, त्यातही स आणि श सर्वांत नाजूक. त्यांचा जीव फार उंच कंपनांत असतो. सेकंदाला चार हजार कंपनांच्या पुढे त्यांचे खरे घर, आणि नेहमीच्या टेलिफोनची मजल पुढे कित्येक दशके सुमारे ३४०० कंपनांपर्यंतच राहिली. फोनवर आडनाव सांगताना स सशाचा की फ फणसाचा, असे आपण सांगत आलो ते याच कारणाने.

आता ते घरचे काम सांगतो. माझी एक मावशी कोकणात असते, वय शहाऐंशी. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात, हे तिलाही माहीत नाही. जाते फिरू लागले की त्या येतात. माझा भाचा जर्मनीत असतो. त्याच्या मनाने घेतले की या ओव्यांचे आणि मावशीच्या आठवणींचे पॉडकास्ट करायचे. दर रविवारी मी पुण्याहून, तो तिकडून आणि मावशी तिच्या माजघरातून इंटरनेटच्या कॉलवर यायची, गप्पा मारायच्या आणि कॉलचेच ध्वनिमुद्रण करायचे. मावशीला त्याने चांगले बिनतारी इअरफोन पाठवले.

पहिले मुद्रण ऐकले तेव्हा आम्हाला हसावे की रडावे ते कळेना. ओवीतले माहेर स्वच्छ ऐकू येत होते आणि सासर नाहीसे झाले होते. स सगळे गळालेले! सासू, सून, शेत, सोसणे यांतले काही उरले नव्हते. आणि ज्या जात्याच्या घरघरीवर ती गात होती ती घरघर तर कुठेच नव्हती. मावशी जणू पोकळीत गात होती, आणि ओळीच्या शेवटी तिचा आवाज बारीक झाला की तोही मध्येच तुटत होता. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नव्हते. शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत पुढचे वर्ष ही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

भाच्याचा पहिला विचार अधिक महागडा मायक्रोफोन आणावा असा होता. मी त्या दिवसांत एडिसनचे चरित्र वाचत होतो. रबराची नळी आणि स्प्रिंग डोक्यात होती. मी म्हटले, काही आणण्याआधी मध्ये काय काय आहे ते मोजू आणि एकेक काढून पाहू. एका वेळी एकच. इअरफोन काढले, दुसरे काही बदलले नाही, आणि मावशीला साधे तारेचे हेडफोन लावून बोलायला सांगितले. सासर परत आले! पुष्कळसे बिनतारी इअरफोन नुसते ऐकायला वापरले तर उत्तम वाजतात, पण त्यांचाच मायक्रोफोन चालू झाला की आवाज दोन्हीकडून न्यायचा म्हणून ते हलक्या प्रतीवर उतरतात. मग वरची कंपने कापली जातात आणि स, श बळी पडतात. हेडफोन मात्र अजिबातच काढून भागत नाही. भोंग्यातून आलेला आमचा आवाज पुन्हा तिच्या मायक्रोफोनमध्ये शिरला असता, आणि तो घुमारा दाबण्याच्या नादात यंत्राने तिलाही दाबले असते.

जाते मात्र अजून मुकेच होते. कॉलच्या प्रणालीत गोंगाट कमी करण्याची सोय असते. एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असे ती समजते आणि पुसून टाकते. तिला जाते काय ठाऊक? तंबोऱ्याचीही ती हीच गत करते, हे टाळेबंदीच्या काळात कॉलवरून शिकवणी घेणाऱ्या गायकांना चांगलेच कळले. ती सोय बंद केली आणि घरघर आली, ओळींचे शेवटही आले. उघड्या भिंतींमुळे आवाज घुमत होता, म्हणून पाठीमागे दोन गोधड्या टांगल्या. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा तिरका ठेवला, म्हणजे प आणि फ म्हणतानाचा वारा त्यावर थेट आपटत नाही. टेबलावरून तो उचलून वेगळ्या स्टुलावर ठेवला, कारण जात्याचे हादरे टेबलातून चढत होते.

एवढे होऊनही अधूनमधून आवाज रोबोसारखा व्हायचा. तो दोष माजघरातला नव्हता, वाटेतला होता. इंटरनेट आवाजाचे तुकडे करून पाठवते. काही तुकडे उशिरा येतात, काही येतच नाहीत, आणि उरलेल्या फटी यंत्र अंदाजाने बुजवते. शेवटी आम्ही ती वाटच मधून काढून टाकली. कॉल चालू ठेवायचा तो एकमेकांना ऐकण्यापुरता. मुद्रण मात्र प्रत्येकाने आपल्या जागी, आपल्याच फोनवर करायचे. सुरुवातीला तिघांनी एकदम टाळी वाजवायची, म्हणजे नंतर ती टाळी धरून तिन्ही मुद्रणे जुळवता येतात. मावशीचे मुद्रण शेजारचा मुलगा नंतर सावकाश पाठवतो. नवा मायक्रोफोन घ्यावा लागला नाही. आजवर एकशे बारा ओव्या झाल्या आहेत.

पुन्हा एडिसनकडे येतो. या कामाचे पैसे देताना वेस्टर्न युनियनचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन यांनी एक लाख डॉलर देऊ केले. एडिसनने मनात पंचवीस हजारांचा आकडा धरला होता. त्याने ते मान्य केले, पण एकरकमी नको म्हणाला. दर वर्षी सहा हजार याप्रमाणे सतरा वर्षे द्या. हातात पैसा आला की आपण तो प्रयोगांत उडवणार, हे तो जाणून होता. व्याजाचा हिशेब केला तर हा व्यवहार शुद्ध बावळटपणाचा. स्वतःला ओळखणाऱ्या माणसाचा म्हटला तर शहाणपणाचा.

श्रेयाचे भांडण मात्र त्याला चुकले नाही. जर्मनीहून आलेला आणि वॉशिंग्टनच्या एका दुकानात नोकरी करणारा एमिल बर्लिनर याने याच तत्त्वाची प्राथमिक नोंद १४ एप्रिल १८७७ रोजी पेटंट कचेरीत केली होती. एडिसनचा अर्ज गेला २७ एप्रिलला. तेरा दिवसांचे अंतर! बेलच्या कंपनीने बर्लिनरला आपल्याकडे घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे दावे चालले. बर्लिनरचे पेटंट १८९१ मध्ये निघाले, एडिसनचे १८९२ मध्ये. १८७९ च्या नोव्हेंबरात वेस्टर्न युनियनने समझोता करून टेलिफोनचा धंदा बेलकडे सोपवला. पण बोलण्याच्या टोकाला कार्बन कायम राहिला.

इंग्लंडमध्ये डेव्हिड ह्यूज याने १८७८ मध्ये सैल टेकलेल्या कार्बनचे प्रयोग जाहीर केले, 'मायक्रोफोन' हे नाव रूढ केले आणि पेटंट न घेता सगळे जगाला मोकळे दिले. एडिसनने त्याच्यावर आणि ब्रिटिश तार खात्यातल्या विल्यम प्रीसवर आपली कल्पना पळवल्याचा आरोप वर्तमानपत्रांतून केला. मला हा एडिसन आवडत नाही. ह्यूज आपल्या वाटेने तिथे पोचला होता, आणि त्याने मागितले तर काहीच नव्हते. पुढे विजेच्या धंद्यातल्या लढाईत एडिसन याहून वाईट वागला, पण तो विषय वेगळा आहे.

बेलच्या ऐकण्याच्या यंत्राचे पेटंट आडवे येऊ नये म्हणून एडिसनने खडूचे नळकांडे फिरवून आवाज काढणारे स्वतःचे यंत्र लंडनला पाठवले. ते इतके मोठ्याने बोले की खासगी गोष्ट साऱ्या घराला कळे. त्या लंडनच्या कंपनीत १८७९ मध्ये तेवीस वर्षांचा एक आयरिश तरुण नोकरीला होता. त्याचे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ. या ओरडणाऱ्या यंत्राची त्याने पुढे आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत यथेच्छ थट्टा केली आहे. एडिसन आणि बेल या दोघांच्याही हक्कांवर उभ्या राहिलेल्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीमार्फत टेलिफोन आपल्याकडे आला; १८८२ मध्ये मुंबईला एक्स्चेंज निघाले.

काजळीच्या चकतीच्या जागी पुढे कार्बनचे दाणे आले. ती कल्पना यॉर्कशायरमधल्या हेन्री हनिंग्ज नावाच्या पाद्र्याची, १८७८ ची. एडिसनने १८८६ च्या सुमारास भाजलेल्या दगडी कोळशाचे दाणे वापरून ती पक्की केली. असे दाणे जगभरच्या फोनमध्ये १९८० च्या दशकापर्यंत होते. आपल्याकडच्या काळ्या, जड फोनवर पलीकडच्याला ऐकू येईनासे झाले की रिसीव्हर तळहातावर आपटण्याची पद्धत ज्यांना आठवते, त्यांनी नकळत योग्य तेच केले होते. आत घट्ट बसलेले दाणे त्यामुळे मोकळे होत.

टेलिफोनच्या याच उद्योगातून १८७७ च्या अखेरीस फोनोग्राफ जन्मला. यंत्रज्ञ जॉन क्रूसीने तो घडवला, पत्र्याच्या पातळ वर्खावर एडिसनने मेंढराच्या पिलाचे एक बालगीत म्हटले आणि यंत्राने ते परत म्हटले. मग दिव्याच्या कामात दहा वर्षे गेली. ऑगस्ट १८८४ मध्ये मेरी वारली. १८८६ मध्ये त्याने मिना मिलर हिच्याशी लग्न केले. तिला त्याने तारेची लिपी शिकवली होती आणि लग्नाची मागणी तिच्या तळहातावर बोटाने टकटक करून घातली, असे तो सांगे. पुढेही ही दोघे चारचौघांत एकमेकांच्या हातावर टकटक करून बोलत. कानांची गरज नसलेली ही भाषा त्या घरात जन्मभर चालली.

फोनोग्राफकडे तो १८८७ मध्ये परतला तेव्हा त्याला जुनाच वैरी भेटला. 'स' ने सुरू होणारा एक शब्द यंत्र स गाळून परत करी. एडिसन सात महिने, दिवसाचे अठरा-अठरा, वीस-वीस तास त्या एका शब्दाच्या मागे लागला आणि अखेर यंत्राला तो म्हणायला लावला. मला हे वाचताना मावशीचे सासर आठवले. ऐकण्याची त्याची रीतही वेगळीच होती. तो यंत्राच्या लाकडी पेटीला दात लावी. कंपने दातांतून, जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जात. त्याच्या दातांच्या खुणा असलेली लाकडे अजून जपून ठेवलेली आहेत.

इथपर्यंत हा कान त्याच्या उपयोगी पडला. नंतर त्यानेच घात केला. १९१२ मध्ये त्याच्या कंपनीच्या तबकड्या निघाल्या. बनावट अप्रतिम, आवाज त्या काळात अजोड. पण कोणते गाणे आणि कोणता गायक घ्यायचा, हे एडिसन स्वतः ऐकून ठरवू लागला. गळ्यातला कंप त्याला सहन होत नसे, म्हणून नामवंत गायकही त्याने नापास केले. लोकांना काय ऐकायचे आहे, हे त्याला कुणी सांगू शकले नाही. ज्याने रबराची नळी निर्दयपणे काढून टाकली, तो गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये स्वतः जाऊन बसला. बर्लिनरच्या चपट्या तबकड्यांवरून वाढलेल्या कंपन्यांनी बाजार जिंकला. आपल्या घरोघरच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्याही त्याच घराण्यातल्या.

१९२५ पर्यंत तबकड्यांच्या मुद्रणात मायक्रोफोन नव्हताच. गायकांना कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या वर्षी मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन आणला. टेलिफोनला कार्बनचा मायक्रोफोन देणाऱ्या माणसाच्या कंपनीने मात्र तो स्वीकारायला १९२७ उजाडू दिले. फार उशीर झाला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये कंपनीने तबकड्यांचा धंदा बंद केला.

फोनोग्राफला पन्नास वर्षे झाली म्हणून १९२७ मध्ये समारंभ झाला. ऐंशी वर्षांच्या एडिसनने वर्खाच्या यंत्रासमोर उभे राहून ते मेंढराच्या पिलाचे गाणे पुन्हा म्हटले. १८७७ चा वर्ख टिकलेला नाही. जगातले पहिले ध्वनिमुद्रण म्हणून आपल्याला पुष्कळदा जे ऐकवले जाते, ते या समारंभातले आहे. त्यात म्हातारा ठासून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलतो. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वेस्ट ऑरेंजच्या घरी तो वारला. मावशीला मी ते मुद्रण ऐकवले. इंग्रजी तिला येत नाही. तिने दोनदा ऐकले आणि या माणसाला ऐकू कमी येत असणार, असे आपणहून सांगितले.